तीन मीटर बाजूला

“छकुली, एकदाचं हो म्हण आणि चहा घे,” ताई कुंपणापलीकडून ओरडली.

मी पंचेचाळिशीची बाई. डोक्यावर टोपी, बुटांवर चिखल, खांद्यावर केबलचं वेटोळं, आणि कामाच्या माणसासमोर मला छकुली म्हणायचं! हातोडे तोंड फिरवून हसला. हातोडे हे त्याचं आडनाव नाही. तो माझ्यासाठी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकतो म्हणून सगळे त्याला हातोडे म्हणतात, आणि आता खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर तो वळूनही बघत नाही.

“आधी मोजू तर दे,” मी म्हटलं.

“मोजायचंय काय त्यात? जमीन आहे. दिसतेय ना?”

ताईची लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, दोन हॉटेलांचे टॉवेल आणि आजूबाजूच्या लोकांचे शर्ट असं तिचं काम चालतं. पुढच्या दोन खोल्यांत धुणं आणि इस्त्री, मागच्या दोन खोल्यांत ती आणि भाऊजी. ओल्या चादरींच्या वासात जेवायचं आणि मशीनच्या घरघरीत झोपायचं, हे ती लग्न झाल्यापासून करत आली. घराला लागून मोकळी जागा पडली होती. ती तिनं घेतली आणि तिथे दुमजली इमारत बांधायचं ठरवलं: खाली लाँड्री, वर घर, आणि वरच्या घरात साबणाचा वाससुद्धा नको. हे ती इतक्यांदा बोलून दाखवायची की भाऊजींना त्या नसलेल्या घरातल्या खिडक्या पाठ झाल्या होत्या.

पण आर्किटेक्टबाई अडून बसल्या. खाली काय आहे ते बघितल्याशिवाय पाया आखणार नाही म्हणाल्या. मग ताईला आठवलं की आपली बहीण हेच करते. परक्या माणसाला बोलावलं तर तो खुसपट काढेल, बहीण काय, हो म्हणेल आणि चहा पिऊन जाईल, असा तिचा सरळ हिशेब होता. माझ्या होकारावर तिची इमारत अडली होती. नवीन मोठं मशीन तर परवाच यायचं होतं. इमारत होईपर्यंत ते इस्त्रीच्या खोलीत ठेवणार होते.

काम तसं साधं आहे. एका रांगेत मीटर-मीटरवर खुंट्या ठोकायच्या आणि त्या केबलला जोडायच्या. दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन खुंट्यांमध्ये विजेचा किती दाब मिळतो ते मोजायच्या पेटीवर वाचायचं. जवळच्या खुंट्या घेतल्या तर वरवरचं कळतं, लांबच्या घेतल्या तर खोलचं. ओली माती विजेला सहज जाऊ देते, कोरडा मुरूम कुरकुर करतो, अखंड खडक चांगलाच अडवतो आणि पोकळीतली हवा तर ढिम्म हलत नाही. असे शेकडो आकडे घेतले की कॉम्प्युटर त्यांतून जमिनीच्या पोटाचं रंगीत चित्र काढतो. वीज जाऊ देणारं ते निळं, अडवणारं ते लाल. मला या कामाचा अजून कंटाळा आलेला नाही. खाली काय असेल हे माहीत नसण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशातच वाटत नाही, आणि हे मी ताईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावते.

“मेहुणीबाई,” भाऊजी इस्त्रीच्या खोलीच्या खिडकीतून म्हणाले, “गांडुळांना शॉक नाही ना बसत?”

“बसला तर तुमच्याकडेच पाठवते तक्रार करायला.”

“पाठव. त्यांना इस्त्रीचं काही लागत नाही, तेवढीच शांतता.”

भाऊजी दिवसभर त्या खोलीत टेबलापाशी उभे असतात. माणूस असा की इस्त्रीखालच्या चादरीलाही दोन विनोद सांगेल.

आम्ही पहिली रांग ताईच्या घराच्या भिंतीला समांतर टाकली, भिंतीपासून जेमतेम दीड मीटरवर, कारण नव्या इमारतीचे पहिले खांब तिथेच येणार होते. दुसरी रांग जागेच्या मधोमध टाकली. मधली रांग सुरेख आली. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. भिंतीजवळच्या रांगेत मात्र तीन मीटर खोलीवर एक निळा डाग होता. चांगला ठसठशीत, बैलाएवढा मोठा.

“निळा तर छान रंग आहे,” ताई लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली.

“छान नाही. इथे काहीतरी ओलं आहे, आणि नुसतं ओलं नाही. साध्या पाण्यानं एवढा निळा येत नाही.”

“मग कशानं येतो?”

“तेच तर बघायचंय!”

“बघ बाई. तुला काय, तुझं बघणं होतं आणि माझं काम अडतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरवाला आला. मी डागाच्या नेमकी वर खूण करून दिली आणि त्यानं भोक पाडलं. एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर. वर आला तो खडखडीत कोरडा मुरूम. आणखी खाली गेला तर खडक लागला. त्यानं मूठभर मुरूम माझ्या तळहातावर ठेवला.

“मॅडम, यात पाणी निघालं तर मी मिशी काढतो.”

ताईनं त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि पुन्हा बिस्किटं दिली. आर्किटेक्टबाईंना तिनं लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या की बोअर कोरडा आहे ना, मग झालं, कधी कधी चित्र चुकतं.

चित्र चुकतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्राला काय हात-पाय आहेत चुकायला? आकडे जमिनीतून आलेत, ते कशावरून तरी आलेत. त्या ‘कशावरून’ला कुठेतरी जागा असणारच ना? मी हातोडेला म्हटलं, पुन्हा ठोक. त्यानं बोअरवाल्याकडे बघून खांदे उडवले. ते मला दिसलं.

गंजलेला जोड असेल म्हणून सगळे जोड घासले. खाली लोखंडी पाइप असेल म्हणून पाइप शोधायचं यंत्र फिरवलं, काही वाजलं नाही. तारेवर वाळत घातलेल्या चादरींचं पाणी ठिबकत असेल म्हणून चादरी काढायला लावल्या, त्यावर ताईनं मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. खुंट्यांचा क्रम उलटा करून पुन्हा मोजलं. डाग जागचा हलला नाही. बोअरचं भोक त्याच्या बरोबर मध्यातून गेलेलं, आणि भोकातली माती कोरडी.

शेवटी वैतागून मी चारच खुंट्या पेटीला जोडून ठेवल्या, पेटी आपोआप मोजत राहील अशी लावली आणि पायरीवर चहा घेऊन बसले. आकडा तोच तोच येत होता. मग हळूच खाली आला. थोड्या वेळानं परत वर चढला. मग पुन्हा खाली.

“गेली पेटी कामातून,” हातोडे म्हणाला.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आकडा वेडावाकडा नव्हता. खाली यायचा तो एका चालीनं यायचा, वर जायचा तोही एका चालीनं. मी कप खाली ठेवला. आतून मशीनचा आवाज येत होता. घरघर, घरघर, मग थांबलं, आणि मग मशीननं पाणी सोडल्याचा गडगड आवाज आला. मी पेटीकडे बघत राहिले. जरा वेळानं आकडा घसरला.

“हातोडे, पाहिलंस?”

“काय?”

“गप्प बस आणि बघ.”

पुढच्या वेळी मशीननं पाणी सोडलं तेव्हा त्यानंही पाहिलं. त्याच्या हातातलं बिस्किट चहात बुडून पडलं.

मशीनच्या मोटारीची वीज आमच्या खुंट्यांत येत असेल, ही शंका होतीच. म्हणून मी भाऊजींना मशीन रिकामं, पाण्याशिवाय चालवायला लावलं. आकडा थरथरला, पण घसरला नाही. मग मशीनचं बटण बंद करून धुण्याच्या सोड्याचं पाणी बादल्यांनी मोरीत ओतायला सांगितलं. मशीन गप्प, मोटार गप्प, आणि आकडा निमूट खाली आला. मग साध्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. तेव्हाही आला, पण कमी. सोड्याचं पाणी साध्या पाण्यापेक्षा विजेला कितीतरी मोकळी वाट देतं. डाग एवढा निळा का, याचं उत्तर मिळालं होतं. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

“हे तुमचं काय चाललंय?” ताई दारात उभी राहिली. “मशीन का बंद केलं?”

“ताई, तुझं धुण्याचं पाणी कुठे जातं?”

“कुठे म्हणजे? गटारात. अजून कुठे जाणार?”

“बघितलंस कधी?”

“गटारात जाताना पाणी बघत बसू मी?”

मी रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण उघडून तिथेच पालथी पडले आणि आत डोकावले. भाऊजी मोरीपाशी बादली घेऊन उभे राहिले. मी “ओता” म्हणून ओरडले. आत काहीच येईना.

“भाऊजी, ओता ना!”

“अगं, कधीच ओतलं! दोन बादल्या ओतल्या!”

चेंबरमध्ये एक बारीक धार आली. लहान मुलानं पेला लवंडावा तेवढीच, आणि थांबली. दोन बादल्यांतलं उरलेलं पाणी वाटेतच कुठेतरी गेलं होतं.

झाकण लावता लावता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःचाच असा राग आला की विचारू नका. वीज काय फक्त खाली जाते? ती चहूकडे पसरते. खाली जाते तशी बाजूलाही जाते. रांगेपासून तीन मीटर बाजूला एखादी मोठी ओली गोष्ट असली तरी आकडे जवळजवळ तसेच येतात, जसे ती तीन मीटर खाली असती तर आले असते. पेटीला दोन्हींतला फरक कळत नाही. कॉम्प्युटर सगळं रांगेच्या खाली दाखवतो, कारण मीच त्याला सांगितलेलं असतं की सगळं रांगेच्या खाली आहे. हे मी पोरांना शिकवते, फळ्यावर आकृती काढून शिकवते! आणि इथे बोअरवाल्याला ऐटीत खूण करून दिली.

डाग तीन मीटरवर होता, यात चूक नव्हती. फक्त खाली नव्हता. जागेच्या बाजूला असता तर मधल्या रांगेत दिसला असता. उरली ती दुसरी बाजू. दीड मीटरवर भिंत, आणि भिंतीच्या आत दीड मीटरवर इस्त्रीच्या खोलीचा मध्य.

खिडकीतून भाऊजी चादर झटकताना दिसत होते.

मी ताईला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. मोरीची नळी फुटली असेल, कित्येक वर्षं पाणी इस्त्रीच्या खोलीखाली मुरत असेल, माती वाहून गेली असेल तर फरशी अधांतरी असेल. मला आतून मोजायचंय, तोवर मशीन बंद ठेव, उद्याचं नवीन मशीन आणू नकोस.

“कर्म माझं,” ताई म्हणाली. “नवी जागा बघायला बोलावलं तर ही जुनं घर पाडायला निघाली.”

“पाडायला नाही गं. बघायला.”

“लहानपणीपण असंच करायचीस. आत काय आहे म्हणून घड्याळ उघडायचीस, आणि मग सगळ्या घराला वेळ विचारत फिरावं लागायचं. हॉस्पिटलच्या चादरी उद्या द्यायच्यात, छकुली. त्यांचं काम एकदा हातचं गेलं तर परत येत नाही. बोअरवाल्यानं माती काढून हातावर ठेवली. तू काय ठेवलंस? रंग!”

“मग ठेव ते नवीन मशीन तिथे,” मी ओरडले, “आणि भाऊजींना त्याच्या शेजारी उभं कर!”

ताईचा चेहरा उतरला. माझी जीभ ही अशी आहे, आधी बोलते. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. मला ताईनं वाढवलं, याच खोल्यांत, याच मोरीपाशी हात लाल करून. माझं कॉलेज, माझी पुस्तकं, माझं पहिलं मोजायचं यंत्र, सगळं त्या सोड्याच्या पाण्यातून आलं. आणि तेच पाणी इतकी वर्षं खाली जाऊन तिची जमीन पोखरत होतं आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी आणखी चिडते.

“मला कुठे उभं करायचं ते मला विचारून ठरवा,” भाऊजी दारातून म्हणाले. कधी आले कळलंच नाही. मग ताईकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “बघू दे तिला. एका दिवसात चादरी काही पळून जात नाहीत.”

“तुम्ही तिचंच घ्या नेहमी,” ताई म्हणाली, पण मशीन तिनंच बंद केलं.

घरात खुंट्या ठोकता येत नाहीत. टाइल्समधून वीज जात नाही. म्हणून दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यात बारीक भोकं पाडायची, त्यांत लांब खिळे बसवायचे आणि खिळ्याभोवती ओल्या चिकणमातीचा गोळा दाबायचा. हातोडे भोकं पाडत पुढे चालला, मी खिळे लावत मागे, आणि माझ्या मागे ताई फडकं घेऊन धूळ पुसत. एक रांग दारापासून खोलीच्या मधून भाऊजींच्या टेबलाखालून गेली. दुसरी खिडकीच्या भिंतीलगत टाकली. खिडकीवर चढून केबल बाहेर काढताना तिथले जाड लोखंडी गज माझ्या कोपराला लागले. भाऊजी एका चादरीवरून दुसऱ्या चादरीकडे वळत होते आणि दर वेळी केबल ओलांडताना “माफ करा” म्हणत होते, केबलला.

चित्र आलं तेव्हा मी खुर्चीत बसले होते, ते बरं झालं. खिडकीच्या भिंतीलगतची रांग चांगली होती, घट्ट मुरूम. मधल्या रांगेत दार आणि टेबल यांच्यामध्ये, फरशीच्या लगेच खाली, लालभडक पट्टा होता. त्याच्या खाली तो निळा. लाल म्हणजे हवा, निळं म्हणजे तळाशी साठलेलं पाणी. भाऊजी दिवसातून कितीदा त्यावरून येत-जात असतील देव जाणे.

“भाऊजी, बाहेर या. आत्ता. कडेनं.”

माझा आवाज ऐकून ते मुकाट्यानं आले. आम्ही सगळे दाराबाहेर उभे राहिलो. खरंच पोकळ आहे का हे बघायला एक बारीक भोक पाडून बघायचं होतं, तेही उंबऱ्यावर बसून, हात लांब करून. हातोडेनं लांब पातं लावून ड्रिल सुरू केलं. टाइल गेली, खालचा काँक्रीटचा थर लागला, पातं कुरकुरायला लागलं.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “अरे, इस्त्री चालूच राहिली,” आणि आमच्या अंगावरून पाय टाकून आत गेले.

मी ओरडेपर्यंत ते टेबलापाशी पोचलेसुद्धा. त्यांनी बटण बंद केलं. आणि त्याच क्षणी हातोडेचं ड्रिल मुठीपर्यंत आत गेलं, तो पुढे कोलमडला, मी त्याची कॉलर धरली. समोरची टाइल खचली. तिच्या शेजारची खचली. मग काँक्रीटचा एक मोठा तुकडा, आवाज न करता, सरळ खाली गेला. पाण्यात पडल्याचा आवाज जरा उशिरानं आला.

खोलीच्या मधोमध काळं भोक होतं, घरातला सोफा आत जाईल एवढं. त्याच्या पलीकडे टेबलापाशी भाऊजी. अलीकडे आम्ही.

“हलू नका,” ताई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नसता.

“हलत नाही,” भाऊजी म्हणाले.

भोकाच्या कडेचा आणखी एक तुकडा सुटून पडला. खिडकीला गज. दाराकडे यायचं तर खोली ओलांडायला हवी. हातोडे गज कापायचं यंत्र आणायला पळाला, पण ते यायला वेळ लागणार होता, आणि फरशी वेळ देईल असं दिसत नव्हतं. ताईनं माझा दंड धरला. इतका घट्ट की बोटं उमटली.

“छकुली, कुठून यावं त्यांनी?”

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. “खिडकीच्या भिंतीलगत. पाठ भिंतीला टेकवून. भिंतीपासून दीड हातापर्यंत खाली घट्ट आहे. त्याच्या पुढे पाय टाकायचा नाही.”

“नक्की?”

आयुष्यात पहिल्यांदा ताई मला माझ्या कामातलं काहीतरी विचारत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पुन्हा एकदा आकडे पाहिले. लाल पट्टा भिंतीच्या बराच अलीकडे संपत होता. इथूनच खिडकीवर चढले होते मी.

“नक्की,” मी म्हटलं.

“अहो,” ताई म्हणाली, “ती सांगते तसं या. तिच्याकडे बघा, खाली बघू नका.”

भाऊजींनी पाठ भिंतीला लावली. मी सांगत गेले, आता डावा, आता उजवा, टाच भिंतीला, अजून थोडं. खिडकीपाशी आले तेव्हा बाहेरचा उजेड त्यांच्या पाठीमागून आला आणि मला त्यांचा चेहरा दिसेना, फक्त चपला दिसत होत्या. मी त्या चपलांकडेच बघत राहिले. भोकातून सोड्याचा उग्र वास येत होता. कोपरा आला. दाराच्या भिंतीलगतचा तुकडा मी मोजला नव्हता, पण तो उंबऱ्यापर्यंत जेमतेम एका ढांगेचा होता. मी हात पुढे केला, ताईनं हात पुढे केला, आणि आम्ही दोघींनी त्यांना ओढून बाहेर काढलं. ते आमच्या अंगावरच पडले.

ताईनं आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. “इस्त्री चालू राहिली म्हणे! जळू दे ना मेली इस्त्री!” मग त्यांचा खांदा धरून हमसून हमसून रडली. भाऊजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी भिंतीला टेकून बसले.

हातोडे परत आला तेव्हा गज कापायचं काही उरलं नव्हतं. मग आम्ही पाण्याचा मुख्य नळ आणि विजेचा मुख्य स्विच बंद केला. ताईनं हॉस्पिटलला फोन केला आणि सांगितलं की चादरी दुसऱ्या लाँड्रीतून येतील, तिचा पत्ताही तिनंच दिला. नवीन मशीनवाल्यांना नको म्हणून कळवलं. हे सगळं ती एका दमात, उभ्या उभ्या बोलली. आर्किटेक्टबाई यायला निघाल्या होत्या. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा ती इस्त्रीच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि त्या भोकाकडे बघायला लागली.

“केवढं असेल गं आत?”

“माहीत नाही. खाली जुनं एखादं गटार असणार. माती त्यातूनच वाहून गेली असेल.”

“कुणाचं गटार?”

“ते बघावं लागेल.”

तिनं खिडकीकडे बघितलं. “खिडकीकडून घट्ट आहे म्हणालीस ना?”

“हो. का?”

ताई उठली, पदर खोचला, आणि दाराच्या कोपऱ्यातून खिडकीच्या भिंतीला पाठ लावून, भाऊजी आले त्याच वाटेनं, आत गेली. मी “अगं, अगं” करत तिच्या मागे गेले. भाऊजी बाहेरून ओरडले की एक बाहेर निघाला तर दोघी आत गेल्या. भिंतीजवळ ती हळूच पालथी झोपली आणि मान पुढे काढून भोकाच्या दिशेनं वाकली. मी धडपडत तिच्या पायांशी बसले आणि तिचे दोन्ही घोटे पकडले.

“बॅटरी दे,” ती म्हणाली. मी एका हातानं दिली. तिनं उजेड आत टाकला.

“काय दिसतंय?”

“थांब ना.” तिचा आवाज आतून घुमून आला. “अगं बाई... अगं, दगडाची कमान आहे! बांधलेली आहे कुणीतरी. केवढी लांब आहे! हिला शेवटच दिसत नाहीये.”

“मला बघू दे.”

“थांब म्हटलं ना. मला आधी नीट बघू दे.” तिनं बॅटरी दुसऱ्या बाजूला वळवली. “आणि पाय कशाला धरलेस? इथे घट्ट आहे म्हणालीस ना?”

“आहे,” मी म्हटलं, आणि सोडले नाहीत.